वस्ती आणि आरोग्य

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली. उंदरांवरील पिसवांनी पसरणाऱ्या या रोगास दाटीच्या, अंधाऱ्या चाळींनी आयता थारा दिला. म्हणून सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. रुंद रस्ते झाले, दादर-माटुंग्याची आखीव वस्ती उभी राहिली. परंतु ज्यांची बिऱ्हाडे पाडली त्या गरिबांना पुरेशी घरे न मिळाल्याने शेजारच्या चाळींत गर्दी वाढली.

हा इतिहास आम्ही रसायनी परिसरातील ज्ञातिबांधवांस अगत्याने सांगत आहोत. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सने येथे कारखाना उभारला, तशी कामगारांसाठी वसाहतही बांधली. २०१७ साली येथील तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. पाताळगंगेच्या काठी इतर कारखाने व गावे मात्र शेजारी नांदत आहेत, आणि नव्या इमारतीही उठत आहेत.

साथ आल्यावर पाडापाड करण्यापेक्षा बांधण्यापूर्वी चौकशी करणे श्रेयस्कर. पिण्याचे पाणी कोठले? सांडपाणी कोठे जाणार? वारा कारखान्यांवरून येतो काय? घर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे तीन प्रश्न आधी विचारावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.