घडीची भूमिती

वर्तमानपत्राचा एक फाटका तुकडा घ्या. त्याची एकही कड सरळ नसली तरी चालेल; खरे तर नसलेलीच बरी. तुकडा कुठेही एकदा दुमडा आणि घडी नखाने दाबून पक्की करा. आता या घडीचा एक भाग तिच्याच दुसऱ्या भागावर तंतोतंत बसेल अशी दुसरी घडी घाला. कागद उलगडा. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे चार कोन दिसतील आणि ते चारही काटकोन असतील. पट्टी नाही, गुण्या नाही, कंपासपेटी नाही.

हे काटकोनच कशावरून? दुसरी घडी घालताना सरळ रेषेवरचा 180 अंशांचा कोन आपण मधोमध दुमडला. त्याचे दोन भाग एकमेकांवर बसले, म्हणजे ते समान आहेत, म्हणजे प्रत्येकी 90 अंशांचे आहेत. पण एखादी चौकस मुलगी विचारेल, 'मुळात पहिली घडी सरळ आली कशी?' प्रश्न चांगला आहे. कागद दुमडल्यावर एकमेकांवर बसलेले कोणतेही दोन बिंदू मनात धरा. घडीवरचा प्रत्येक बिंदू या दोघांपासून सारख्याच अंतरावर असतो. दोन बिंदूंपासून समान अंतरावर असलेल्या सगळ्या बिंदूंची मिळून जी रेषा बनते तिला आपण लंबदुभाजक म्हणतो. म्हणजे कागदाची प्रत्येक घडी हा एक लंबदुभाजकच असतो.

आपल्या शाळांत कागद येतो तो कार्यानुभवाच्या तासाला. होडी, विमान, भिरभिरे करण्यासाठी. भूमितीच्या तासाला येते ती कंपासपेटी. एक हाताचे काम, दुसरे डोक्याचे, अशी ही वाटणी. ती पुसण्याचे काही चांगले प्रयत्न झाले आणि त्यातला एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्याच देशात झाला. त्याची हकिगत शिक्षकांना उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते.

बालवाडीतून मद्रासला

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था सुरू केली. 1840 मध्ये तिला त्यांनी 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. मुलांच्या हाती द्यायच्या साहित्याला तिथे 'भेटी' म्हणत. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, काड्या अशी ही साधने असत आणि त्यांत घड्या घालण्याच्या रंगीत चौकोनी कागदांनाही जागा होती. ही पद्धत जगभर पसरली. 1876 मध्ये ती टोकियोतही पोहोचली. कागदाच्या घड्यांची स्वतःची जुनी परंपरा असलेल्या जपानमध्येही शाळेतल्या घडीकामावर या बालवाडीचा ठसा उमटला.

हिंदुस्थानात हे रंगीत कागद टी. सुंदर राव यांच्या पाहण्यात आले. सुंदर राव हे मद्रास इलाख्यातले सरकारी नोकर. बालवाडीच्या आठव्या भेटीवरून आपल्याला पुस्तकाची कल्पना सुचली, असे त्यांनीच प्रस्तावनेत नोंदवले आहे. 1893 मध्ये मद्रासला त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. नाव अगदी साधे होते: कागदाच्या घड्यांतून भूमितीचे अभ्यास. साधने म्हणजे कागद, एक चाकू आणि समान अंतरे मोजण्यासाठी कागदाचे कपटे.

एवढ्या सामग्रीवर सुंदर राव चौरसापासून सुरुवात करतात. मग समभुज त्रिकोण, पंचकोन, षटकोन, अष्टकोन करत ते पंधरा बाजूंच्या बहुभुजापर्यंत जातात. पुढे श्रेढी येतात आणि शेवटी अन्वस्त, विवृत्त, अपास्त हे शंकुच्छेदही घड्यांतून उभे राहतात. बालवाडीतल्या मुलाच्या हातातला कागद महाविद्यालयाच्या वर्गापर्यंत नेणारे हे पुस्तक होते.

पुस्तकाच्या धर्तीची एक सोपी कृती वर्गात करून पाहता येईल. चौरस कागदाच्या खालच्या कडेला डावीकडे 'क' आणि उजवीकडे 'ख' लिहा. कागद उभा मधोमध दुमडून उलगडा, मध्यरेषा मिळाली. आता 'ख' हा कोपरा उचलून मध्यरेषेवर असा टेकवा, की नवी घडी बरोबर 'क' मधून जाईल. 'ख' जिथे टेकला तिथे 'ग' अशी खूण करा. क, ख, ग हे बिंदू जोडले की समभुज त्रिकोण तयार! कारण 'कग' ही बाजू म्हणजे वळवलेली 'कख' बाजूच आहे. आणि 'ग' मध्यरेषेवर असल्याने तो 'क' आणि 'ख' यांपासून सारख्याच अंतरावर आहे. 60 अंशांचा कोन मिळाला आणि घडीने त्याचे दोन भाग केल्याने 30 अंशांचाही.

फेलिक्स क्लाइन या नामवंत जर्मन गणितज्ञाने 1895 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत या पुस्तकाचा उल्लेख केला. तो वाचून बेमन आणि स्मिथ या अमेरिकन गणित-शिक्षकांनी पुस्तक मिळवले आणि 1901 मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती काढली. ते पुढेही अनेकदा छापले गेले.

जिथे सुंदर राव थांबले

ग्रीकांच्या काळापासून तीन प्रश्नांनी गणितज्ञांना छळले होते. त्यांतले दोन असे: दिलेल्या कोनाचे तीन समान भाग करणे, आणि दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन काढणे. साधने दोनच, खुणा नसलेली पट्टी आणि कंपास. फ्रेंच गणितज्ञ व्हांत्सेल यांनी 1837 मध्ये सिद्ध केले की या साधनांनी कोणत्याही दिलेल्या कोनाचे त्रिभाजन करणे, किंवा घन दुप्पट करणे, शक्यच नाही. 45 किंवा 90 अंशांसारखे काही कोन जमतात. 60 अंशांचा जमत नाही.

सुंदर रावांनी त्रिभाजनाची दिली ती रीत अंदाजे उत्तराची होती, आणि घनमूळ घड्यांनी नेमके काढता येत नाही असाच त्यांच्या मांडणीचा अर्थ होत होता. हे समजण्यासारखे आहे. जे कंपासने होते ते कागदाने करून दाखवायचे, असा त्यांचा रोख. मग जे कंपासने होत नाही ते कागदानेही होणार नाही, असे कोणालाही वाटेल.

पण कागद कंपासच्या पुढे जातो. 1936 मध्ये मार्गेरिता बेलोक या इटालियन गणितज्ञ बाईंनी दाखवून दिले की एक विशिष्ट घडी घालून तिसऱ्या घाताची समीकरणे सोडवता येतात. ती घडी अशी: एक बिंदू एका रेषेवर आणि दुसरा बिंदू दुसऱ्या रेषेवर, एकाच वेळी, एकाच घडीत टेकवायचा. कंपासजवळ असे काही नाही. त्रिभाजनाची आणि दुप्पट घनाची कुलपे याच किल्लीने उघडतात.

जपानच्या हिसाशी आबे यांची त्रिभाजनाची रीत तर आठवी-नववीच्या मुलांना जमेल अशी आहे. चौरसाचा डावीकडचा खालचा कोपरा 'क'. त्यातून जाणारी एक तिरपी घडी घाला. तिने खालच्या कडेशी केलेल्या लघुकोनाचे आपल्याला तीन भाग करायचे आहेत. खालच्या कडेला समांतर अशी एक आडवी घडी घाला. ती डाव्या कडेला जिथे मिळते तो बिंदू 'च'. आता खालची कड त्या घडीवर टेकवून मधोमध दुसरी आडवी घडी घाला. तिचा डाव्या कडेवरचा बिंदू 'घ'. मग कोपरा उचलून अशी घडी घाला, की 'क' मधल्या आडव्या घडीवर पडेल आणि त्याच वेळी 'च' तिरप्या रेषेवर पडेल. थोडे सरकवत बसवावे लागते. बसले की क, घ आणि च जिथे पडले त्या जागांच्या खुणा करून कागद उलगडा. मूळ कोपऱ्यापासून 'क' च्या आणि 'घ' च्या नव्या जागेपर्यंत दोन रेषा ओढा. कोनाचे तीन समान भाग झाले.

सिद्धता मुलांवरच सोपवावी. आम्ही फक्त दिशा सांगतो. 'क' च्या नव्या जागेपासून खालच्या कडेवर लंब टाका. मूळ कोपऱ्याशी आता तीन काटकोन त्रिकोण दाटीवाटीने बसलेले दिसतील. मधोमध असलेली घडी आणि घडीने होणारे प्रतिबिंब या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या, की ते तिन्ही एकरूप असल्याचे सापडते.

आपल्याकडचे धागे

महाराष्ट्रात हाताच्या कामाला शिक्षणात मान देणारी माणसे पूर्वीच होऊन गेली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेले. महागडी परदेशी साधने तिथे परवडणारी नव्हती. पाने, बिया, शंख-शिंपले, माती यांतूनच त्यांनी साधने तयार केली.

विज्ञानशिक्षणात हाच विचार मध्यप्रदेशात 1972 मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने माध्यमिक वर्गांपर्यंत नेला. हा कार्यक्रम 2002 मध्ये बंद करण्यात आला. पुण्यात मोटारींच्या कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन तिथे गेले, आणि पुढे त्यांनी आयुष्यच टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याला दिले. 2003 पासून दशकभर ते पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात होते. त्यांच्या पुस्तकांत कागदाच्या घड्यांना मोठी जागा आहे.

खुद्द मराठवाड्याला कागद नवा नाही. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान असलेल्या कागदीपुऱ्यात हातकागद शतकानुशतके तयार होत आला. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीर इकडे आले असे परंपरा सांगते. आणि हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव शिंपी घराण्यातले. शिंपी अंगरखा बेतताना कापडाची घडी घालून मग कात्री लावतो, म्हणजे डावी-उजवी बाजू न मोजताच सारखी येते. पाठ्यपुस्तकात ज्याला आपण सममिती म्हणतो तीच ही.

औंढ्याचा काटकोन

हिंगोली हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारायचे ठरले आहे. केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता 2016 मध्ये दिली, तर सुमारे 2600 कोटी रुपये खर्चाची पूर्ण मंजुरी एप्रिल 2023 मध्ये. वर उल्लेखलेली 'आयुका' या प्रकल्पातल्या भागीदार संस्थांपैकी एक आहे.

या वेधशाळेचा आराखडा कागदावर काढला तर एक मोठा काटकोनच दिसतो: एकमेकांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. लेसरचा एक किरण दुभागून दोन्ही भुजांत पाठवायचा, आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही प्रवासांत काही फरक पडला का ते पाहायचे. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा अत्यल्प ताणली जाते आणि दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी लहान असतो.

मुलांना मैदानावर नेऊन याची छोटी प्रतिकृती करता येईल. वर्तमानपत्राचा घडीने केलेला काटकोन जमिनीवर ठेवा. त्याच्या दोन्ही कडांच्या दिशेने सुतळ्या ताणा, एक 3 मीटर आणि दुसरी 4 मीटर. टोकांमधले अंतर मोजा. काटकोन बरोबर असेल तर ते 5 मीटर भरेल. भरले नाही तर चूक कुठे झाली, घडीत की सुतळी ताणण्यात, हे मुलांनीच शोधावे.

मग गणित करायला सांगा. घडीत फक्त एका अंशाची चूक झाली, तर 4 मीटरवर सुतळीचे टोक सुमारे 7 सेंटिमीटर सरकते. 4 किलोमीटरवर ते सुमारे 70 मीटर सरकेल. याहून नवलाची गोष्ट पृथ्वीच्या गोलाईची. इतक्या लांबीवर 'सरळ' नळी टाकायची तर एका टोकाला जमिनीला टेकलेली सपाट रेषा दुसऱ्या टोकाशी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर वर राहते. घडीने दिलेली सरळ रेषा सपाट कागदावरच खरी असते. गोल पृथ्वीवर ती गृहीत धरता येत नाही, तिचा हिशेब करावा लागतो.

कागदाची घडी ही काही स्वस्तातली तडजोड नाही. कंपासपेटी असलेल्या शाळेतही ती करावी, कारण कंपासला न जमणारे काम ती करते. मात्र कृती करून थांबू नये. सुंदर रावांच्या पुस्तकाचे बळ 'असे करा' यापेक्षा 'असे का होते' यात होते, आणि त्यांची मर्यादाही पुढच्यांना कळली ती हाच प्रश्न आणखी एकदा विचारल्यामुळे. प्रत्येक घडीनंतर वर्गात एवढे एकच विचारावे: दुमडल्यावर कोण कोणावर बसले? उत्तर मिळाले की सिद्धतेची पहिली ओळ फळ्यावर लिहायला हरकत नाही.