आधी कोण, नंतर कोण: मतदानाच्या क्रमाची कुळकथा

एकाच निवडणुकीचे मतदान एका दिवशी न उरकता काही आठवड्यांवर पसरले की दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. कोणत्या प्रदेशाने आधी मत द्यायचे, हा पहिला; आणि आधीच्यांनी काय कौल दिला हे नंतरच्यांना कळू द्यायचे की नाही, हा दुसरा. अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकांचा क्रम बदलावा की नाही, यावर गेली पन्नास वर्षे चाललेला वाद बहुतांशी पहिल्या प्रश्नाभोवती फिरतो. महाराष्ट्रातील टप्प्याटप्प्याच्या मतदानाचा इतिहास मात्र असे दाखवतो की पहिल्या प्रश्नाला धार किती राहणार हे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले आणि लढाऊ विमानांच्या कारखान्यामुळे देशभर माहीत झालेले ओझर या दोन्ही प्रश्नांचा अनुभव अवघ्या दीड वर्षाच्या अंतराने घेऊन चुकले आहे. त्या अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी या प्रथेचे मूळ तपासावे लागते.

स्वतंत्र भारतात टप्प्यांचे मतदान कोणत्याही तत्त्वातून जन्माला आले नाही. ते हवामानातून आणि साधनांच्या टंचाईतून आले. पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ अशी जवळजवळ चार महिने चालली. हिमाचल प्रदेशातील चिनी आणि पांगी या उंचावरच्या तहसिलींत हिवाळा लागला की बर्फाने वाटा बंद होतात, म्हणून तिथल्या मतदारांनी सर्वांत आधी, ऑक्टोबरातच मते दिली आणि उर्वरित देशाचे मतदान पुढे हिवाळाभर चालले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी होती. बहुसंख्य मतदार निरक्षर असल्याने प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी ठेवावी लागत असे आणि त्यासाठी लागणाऱ्या लाखो पोलादी पेट्यांपैकी मोठा वाटा मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाला. इतक्या पेट्या, इतके कर्मचारी आणि इतके पोलीस एकाच दिवशी देशभर पुरवणे शक्य नव्हते, म्हणून मतदान विभागून घेतले गेले. आधी कोण आणि नंतर कोण हे ठरले ते बर्फ, रस्ते आणि मनुष्यबळ यांच्या हिशोबाने.

यंत्रणा सरावली तसा हा कालावधी आपोआप आकसत गेला. १९६२ ची लोकसभा निवडणूक आठवडाभरात झाली, १९६७ ची त्याहून कमी दिवसांत, तर १९८० मध्ये ३ आणि ६ जानेवारी या दोन दिवसांत देशाने मतदान केले. टप्पे वाढण्याचा उलटा प्रवास १९९० च्या दशकात सुरू झाला आणि या वेळचे कारण हवामान नव्हते, तर बंदोबस्त होता. मतदान केंद्रे बळकावण्याच्या प्रकारांना आळा घालायचा तर स्थानिक पोलिसांऐवजी केंद्रीय सशस्त्र दले हवीत, ही मागणी सर्वमान्य झाली; पण ही दले मर्यादित असल्याने ती एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात हलवावी लागतात आणि त्या हालचालीला लागणारे दिवस म्हणजेच दोन टप्प्यांमधले अंतर होय. १९९९ मध्ये मतदान ५ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर असे चालले, २०१४ मध्ये नऊ टप्पे झाले आणि २०२४ मध्ये १९ एप्रिल ते १ जून असे सात टप्पे झाले.

मतदानाचा क्रम ही केवळ व्यवस्थेची बाब नाही, हे १९९१ च्या निवडणुकीने सर्वांत कठोर रीतीने दाखवून दिले. २० मे रोजी पहिल्या फेरीचे मतदान झाले आणि दुसऱ्याच दिवशी, २१ मे रोजी रात्री, श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली. उरलेले मतदान १२ आणि १५ जूनपर्यंत पुढे ढकलण्यात आले आणि हत्येनंतर मतदान झालेल्या मतदारसंघांत काँग्रेस पक्षाची कामगिरी आधीच्या मतदारसंघांपेक्षा लक्षणीय चांगली राहिली. एकाच निवडणुकीतल्या दोन गटांनी दोन वेगवेगळ्या परिस्थितींत मत दिले होते, आणि कोणत्या गटाच्या वाट्याला कोणती परिस्थिती आली हे फक्त वेळापत्रकातल्या तारखेने ठरले होते.

दुसरा प्रश्न, म्हणजे आधीचा कौल झाकून ठेवण्याचा, याच काळात ऐरणीवर आला. सर्व टप्पे संपल्याशिवाय मतमोजणी करायची नाही, हा शिरस्ता तोवर रुळला होता. परंतु दूरचित्रवाणी वाहिन्या मतदान करून बाहेर पडणाऱ्या लोकांना विचारून अंदाज बांधू लागल्या आणि पेटी बंद असतानाही तिच्यातले काय ते बाहेर फुटू लागले. या अंदाजांना मतदानोत्तर चाचणी किंवा रूढ शब्दात एक्झिट पोल म्हणतात. १९९८ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांच्या प्रसिद्धीवर निर्बंध घातले. १९९९ मध्ये तोच प्रयत्न पुन्हा केल्यावर, कायद्याचा आधार नसताना आयोग अशी बंदी घालू शकत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली आणि आयोगाला आपली मार्गदर्शक तत्त्वे मागे घ्यावी लागली. हा आधार पुढे संसदेने दिला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये कलम १२६-अ घालण्यात आले आणि २०१० पासून, पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत, अशा चाचण्या घेणे आणि त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. भारताने क्रमाचा प्रश्न सोडवला नाही. त्याने क्रमातून जे हाती लागते ते, म्हणजे आधीच्यांच्या कौलाची माहिती, कुलूपबंद केले.

अमेरिकेतील प्राथमिक निवडणुकांची कुळी वेगळी असली तरी तिच्या क्रमाचा उगम असाच अपघाती आहे. पक्षाचा उमेदवार पुढाऱ्यांच्या बंद खोलीत न ठरता सामान्य समर्थकांच्या मतदानाने ठरावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिन, ओरेगन अशा राज्यांत मूळ धरू लागली. न्यू हॅम्पशायर हे छोटे राज्य १९२० पासून या मालिकेत पहिले मतदान घेत आले. तरीही १९६८ पर्यंत अंतिम शब्द पुढाऱ्यांचाच असे. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवल्यावर असंतोष उसळला आणि पक्षाने नियम बदलले. नव्या नियमांनुसार आयोवा राज्यातील कॉकस, म्हणजे पक्षसमर्थकांच्या गावोगावच्या बैठकांपासून राज्य पातळीपर्यंत चढत जाणारी निवड, पूर्ण व्हायला अधिक वेळ लागणार होता, म्हणून तिचा आरंभ १९७२ मध्ये मागे खेचून जानेवारीत आणला गेला आणि आयोवा न्यू हॅम्पशायरच्याही आधी आले. १९७६ मध्ये जिमी कार्टर या फारशा माहीत नसलेल्या नेत्याने तिथे इतर उमेदवारांवर आघाडी घेऊन राष्ट्रीय प्रसिद्धी मिळवल्यावर या सोयीचे रूपांतर मक्तेदारीत झाले. हिमाचलातल्या चिनी तहसिलीच्या मतदारांना पहिल्या क्रमाने काही मिळाले नाही, आयोवाच्या मतदारांना मात्र सगळे मिळाले. या फरकाचे कारण एवढेच की आयोवाचा निकाल त्याच रात्री जाहीर होतो आणि पुढचे राज्य तो पाहून मत देते.

त्यानंतरचा अमेरिकी इतिहास हा पुढे घुसण्याच्या स्पर्धेचा इतिहास आहे. न्यू हॅम्पशायरने तर आपले मतदान इतर कोणत्याही राज्याच्या तशाच निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी झालेच पाहिजे, असा कायदा करून ठेवला आहे. १९८८ मध्ये दक्षिणेकडील राज्यांनी मार्चमधल्या एकाच मंगळवारी एकत्र मतदान घेऊन आपले वजन वाढवण्याचा प्रयत्न केला. २००८ मध्ये मिशिगन आणि फ्लोरिडा यांनी पक्षाने आखलेली तारीख मोडून मतदान आधी ओढले तेव्हा पक्षांनी त्यांच्या प्रतिनिधींच्या मतांवर गदा आणली. राज्यांच्या सचिवांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९९ मध्ये फिरत्या क्रमाची योजना मांडली होती. देशाचे चार विभाग करावेत, प्रत्येक विभागाने मार्च ते जून या काळात एकेका महिन्यात मतदान करावे आणि पहिला मान दर चार वर्षांनी पुढच्या विभागाकडे जावा, असा तिचा आशय होता, मात्र आयोवा आणि न्यू हॅम्पशायर यांचा अग्रमान तिनेही राखूनच ठेवला. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण मोठे असलेल्या साउथ कॅरोलायनाला अधिकृत पहिला क्रमांक दिला, पण न्यू हॅम्पशायरने आपल्या कायद्यावर बोट ठेवून जानेवारीतच मतदान उरकले.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राच्या २०२४ च्या लोकसभा निवडणुकीकडे पाहिले की पेटी बंद ठेवल्यानंतरही क्रमाचा किती अंश शिल्लक राहतो हे कळते. तमिळनाडूतील ३९ जागांचे मतदान १९ एप्रिल या एका दिवसात आटोपले, तर महाराष्ट्रातील ४८ जागांना पाच टप्पे लागले. ते पूर्व विदर्भातून सुरू होऊन २० मे रोजी मुंबई, ठाणे, नाशिक, धुळे आणि ओझर ज्यात मोडते त्या दिंडोरी मतदारसंघात संपले. निफाड, लासलगाव, पिंपळगाव बसवंत हा सारा पट्टा कांद्याच्या लिलावांवर जगणारा आहे आणि ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी होती. २५ एप्रिल रोजी केंद्राने २,००० टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी दिली. हा कांदा मुख्यतः गुजरातचा असल्याने नाशिकच्या लाल आणि उन्हाळ कांद्याच्या उत्पादकांत नाराजी पसरली. त्यानंतर ४ मे रोजी, म्हणजे राज्यातले दोन टप्पे उरकलेले आणि तीन बाकी असताना, प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क अशा अटींवर बंदी उठवण्यात आली. त्या निर्णयामागचे कारण काहीही असो, विदर्भाने मत दिले तेव्हा बंदी लागू होती आणि दिंडोरीने दिले तेव्हा ती उठलेली होती. शेवटच्या टप्प्यात असण्याचा अर्थ मोठ्या नेत्यांच्या सभा आणि धोरणकर्त्यांचे लक्ष अधिक काळ आपल्याकडे राहणे असाही असतो. हे लक्ष लाभले म्हणून कौल सत्तेच्या बाजूने गेला असे मात्र घडले नाही, कारण दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे यांनी पराभव केला.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोगाकडे नसून राज्य निवडणूक आयोगाकडे असतात आणि तिथे पेटी बंद ठेवण्याचा शिरस्ता नेहमीच पाळला गेलेला नाही. २०१६-१७ मध्ये राज्यातील नगरपरिषदांचे मतदान २७ नोव्हेंबर, १४ डिसेंबर, १८ डिसेंबर आणि ८ जानेवारी अशा चार टप्प्यांत झाले आणि प्रत्येक टप्प्याची मोजणी दुसऱ्याच दिवशी झाली. पहिल्या टप्प्यात नगराध्यक्षपदांच्या थेट निवडणुकीत भाजपने सर्वाधिक पदे मिळवली, आणि पुणे, लातूर, नागपूर, गोंदिया या जिल्ह्यांतल्या मतदारांनी तो निकाल वाचून मत दिले. त्यांच्या कौलात या माहितीचा वाटा किती होता हे वेगळे काढता येत नाही. आयोवाची पद्धत मात्र महाराष्ट्रात, कोणी तसे ठरवले नसताना, अवतरली होती. त्यानंतर दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदांचे मतदान १६ आणि २१ तारखेला होऊनही मोजणी २३ तारखेला एकत्रच झाली. एकाच आयोगाने एकाच हंगामात दोन्ही पद्धती वापरल्या, कारण कोणती वापरावी याची सक्ती कुठे नव्हती.

हा तिढा डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयात पोहोचला. ग्रामपंचायतीतून नगरपरिषद झालेल्या ओझरची ती पहिलीच नगरपरिषद निवडणूक होती. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचे मतदान २ डिसेंबरला आणि मोजणी ३ डिसेंबरला ठरली होती. पण उमेदवारी अर्जांवरील अपिलांमुळे काही नगरपरिषदांचे आणि अन्य काही ठिकाणच्या ठरावीक प्रभागांचे मतदान २० डिसेंबरवर गेले. आधीचे निकाल बाहेर पडले तर उरलेल्या मतदारांवर त्यांचा प्रभाव पडेल, हा मुद्दा मान्य करून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व मोजणी २१ डिसेंबरला एकत्र घेण्याचा आदेश दिला आणि २० डिसेंबरचे मतदान संपेपर्यंत एक्झिट पोललाही मज्जाव केला. त्याची किंमतही मोजावी लागली: सीलबंद मतदान यंत्रे जवळजवळ तीन आठवडे पहाऱ्यात ठेवावी लागली, आचारसंहिता लांबली, आणि बहुसंख्य गावांना मूठभर प्रभागांसाठी थांबावे लागले.

क्रम आणि न्याय यांचे नाते ओझरला निवडणुकीच्या कितीतरी आधीपासून, पाण्याच्या पाळीतून माहीत आहे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या भागात असल्याने ओझरच्या शेतांना पाणी पुरत नसे, आणि १९९० च्या सुमारास इथल्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था उभारल्या तेव्हा त्यांनी पाणी मोजून घेण्याचा आग्रह धरला. प्रत्येक संस्थेचा वाटा घनमापनाने ठरला की पाळी आधी येते की नंतर याला पूर्वीइतके महत्त्व उरत नाही. मतदानातही आधीचा कौल सर्वांपासून सारखाच झाकला गेला की क्रमातली बरीचशी विषमता निघून जाते.

म्हणून सुधारणेचे उत्तर दोन्ही देशांत एकच असू शकत नाही. अमेरिकेच्या प्राथमिक निवडणुकांचा हेतूच उमेदवारांची हळूहळू छाननी करण्याचा आहे. निकाल झाकले तर ती छाननीच थांबेल आणि तुटपुंज्या पैशावर एका छोट्या राज्यातून उभ्या राहणाऱ्या उमेदवाराची संधीही जाईल, त्यामुळे तिथे अग्रमान फिरता ठेवणे, आणि त्यातून आयोवा व न्यू हॅम्पशायर यांनाही न वगळणे, हाच न्याय्य मार्ग उरतो. भारतात टप्प्यांना असा कोणताही हेतू नाही, ती निव्वळ सोय आहे. त्यामुळे इथे टप्पे शक्य तितके कमी करणे, एखाद्या राज्याला पाच टप्पे का लागतात याचे कारण आयोगाने लेखी देणे, आणि एका निवडणुकीची मोजणी एकाच दिवशी हा नियम स्थानिक संस्थांच्या कायद्यातही घालणे अधिक गरजेचे आहे. लोकसभा आणि विधानसभा एकत्र घेऊन त्यानंतर शंभर दिवसांत स्थानिक निवडणुका उरकाव्यात, ही कोविंद समितीची २०२४ ची शिफारस अमलात आली तर या नियमाचाही कस लागेल, कारण तेव्हा दिल्ली आणि मुंबईचा निकाल समोर ठेवूनच ओझरचा मतदार आपला नगरसेवक निवडील, आणि दोन वेगळ्या निवडणुकांमधला तो क्रम कोणत्याही सीलबंद यंत्राने झाकता येणार नाही.