'एट माईल' : स्वतःची उणीदुणी स्वतःच वाचणारा रॅपर

उपेक्षित नायकाच्या यशाची कथा हॉलिवूडला नवी नाही. मुष्टियोद्धे, धावपटू, नर्तक अशा अनेकांचा हा प्रवास पडद्यावर येऊन गेला आहे. ८ नोव्हेंबर २००२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'एट माईल'ने त्या रांगेत एका धडपडणाऱ्या तरुण रॅपरला आणून उभे केले. मात्र विजयानंतर नायकाच्या पदरात नेमके काय पडते, या प्रश्नाचे या चित्रपटाने दिलेले उत्तर नेहमीच्या साच्यातले नव्हते. त्यामुळेच दोन दशके उलटून गेल्यावरही रॅपवरील चित्रपटांची चर्चा त्याच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही.

'एल. ए. कॉन्फिडेन्शियल' (१९९७) या गाजलेल्या चित्रपटाचे दिग्दर्शक कर्टिस हॅन्सन यांनी 'एट माईल'चे दिग्दर्शन केले. पटकथा स्कॉट सिल्व्हर यांची, तर छायाचित्रण रॉड्रिगो प्रिएटो यांचे होते. मध्यवर्ती भूमिकेत होता त्या काळी लोकप्रियतेच्या आणि वादाच्याही शिखरावर असलेला रॅपर एमिनेम. नायकाच्या आईची भूमिका किम बेसिंगर यांनी केली. हॅन्सन यांच्याच आधीच्या चित्रपटासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले होते.

रस्ता आणि सीमारेषा

चित्रपटाचे नाव एका रस्त्यावरून घेतले आहे. डेट्रॉइट शहराच्या उत्तर सीमेवरून जाणारा 'एट माईल रोड' नकाशावर शहर आणि उपनगरे यांना विभागतो. प्रत्यक्षात तो अनेक दशके वर्ण आणि वर्ग यांची सीमारेषा मानला गेला. दक्षिणेला प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचे, गरिबीने ग्रासलेले शहर आणि उत्तरेला प्रामुख्याने गोऱ्यांची, तुलनेने संपन्न उपनगरे. या रस्त्यानजीकच १९४१ मध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती गोऱ्यांच्या नियोजित घरांपासून वेगळी राहावी म्हणून चक्क भिंत बांधण्यात आली होती.

मोटारउद्योगाची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे साडेअठरा लाख होती. कारखाने बाहेर गेले, गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, १९६७ च्या दंगलीत ४३ जणांचा बळी गेला आणि २००० सालापर्यंत लोकसंख्या साडेनऊ लाखांवर आली. ही पडझड चित्रपटात जागोजागी दिसते. रॅपर मंडळींची एक चकमक घडते ती जुन्या 'मिशिगन थिएटर'मध्ये. १९२६ साली उभारलेल्या या भव्य नाट्यगृहाचे पुढे वाहनतळ झाले. नक्षीदार छत वर तसेच आहे आणि खाली मोटारी उभ्या आहेत. हेन्री फोर्ड यांनी आपली पहिली मोटार याच जागेवरच्या छोट्या कार्यशाळेत तयार केली होती.

पंचेचाळीस सेकंदांची परीक्षा

कथानक १९९५ मधले आहे. जिमी स्मिथ, टोपणनाव 'रॅबिट', मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर काम करतो. प्रेयसीशी संबंध तुटल्यामुळे तो आई आणि धाकट्या बहिणीसोबत ट्रेलरमध्ये राहायला आला आहे. आईचा मित्र जिमीच्याच शाळेत शिकलेला. त्यात घर रिकामे करण्याची नोटीस आलेली.

शहरातील 'शेल्टर' या क्लबमध्ये रॅपचे सामने रंगतात. दोन प्रतिस्पर्धी तालावर, ऐनवेळी रचलेल्या यमकबद्ध ओळींतून एकमेकांची यथेच्छ टर उडवतात आणि प्रेक्षकांच्या आरोळ्यांवर निकाल लागतो. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला ही हजरजबाबीची चुरस समजणे अवघड जाऊ नये. सुरुवातीलाच रॅबिट मंचावर उभा राहतो आणि पंचेचाळीस सेकंदांत त्याच्या तोंडून एक शब्दही फुटत नाही. पुढचा सारा चित्रपट त्या शांततेतून बाहेर पडण्याचा आहे.

या प्रवासातील एक प्रसंग लक्षणीय आहे. कारखान्याबाहेर जेवणाच्या सुट्टीत एका समलिंगी सहकाऱ्याची टिंगल चालली असताना रॅबिट आपल्या ओळींनी टिंगल करणाऱ्याला गप्प करतो. अंतिम सामन्याच्या रात्री त्याला पाळी सोडून जाता यावे म्हणून हाच सहकारी त्याची जागा सांभाळतो.

शस्त्र काढून घेतले

अखेरच्या लढतीत प्रतिस्पर्धी आहे पापा डॉक (अँथनी मॅकी). रॅबिटला आधी बोलावे लागते. तो प्रतिपक्षाच्या भात्यातील प्रत्येक बाण स्वतःच काढून दाखवतो : आपण गोरे आहोत, आईबरोबर ट्रेलरमध्ये राहतो, मित्राने स्वतःच्याच बंदुकीने स्वतःला जखमी करून घेतले, आपल्या मैत्रिणीने दुसऱ्याशी संग केला, आपल्याला टोळक्याने बदडले. मग तो पापा डॉकचे खरे नाव आणि त्याचे खासगी शाळेतील शिक्षण उघड करतो. पापा डॉकला बोलण्यासारखे काहीच उरत नाही. ज्या गोष्टींची लाज वाटत होती त्या स्वतःहून बोलून दाखवल्यावर त्यांचा धाक संपतो, हे चित्रपटाचे सार या काही क्षणांत येते.

यानंतर ना करार होतो, ना पैसा मिळतो. मित्र 'फ्युचर' (मेखी फायफर) सामन्यांचे संचालन सोबत करण्याचा प्रस्ताव ठेवतो. रॅबिट तो नाकारतो आणि उरलेली पाळी पूर्ण करण्यासाठी कारखान्याकडे चालू लागतो. घराची चणचण, नोकरीची अनिश्चितता यांत काही बदललेले नाही. बदलली आहे ती फक्त त्याची भीती.

यश आणि आक्षेप

सुमारे ४ कोटी १० लाख डॉलरच्या खर्चात तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात २४ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. त्यातील 'लूज युवरसेल्फ' हे गीत अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत १२ आठवडे अव्वल राहिले आणि मार्च २००३ मध्ये सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर पटकावणारे पहिले रॅप गीत ठरले. एमिनेम सोहळ्याला गेला नव्हता. सहरचनाकार लुईस रेस्टो यांनी पुरस्कार स्वीकारला. तेच गीत एमिनेमने ऑस्करच्या मंचावर सादर केले ते २०२० मध्ये.

आक्षेपही घेतले गेले. कृष्णवर्णीयांनी घडवलेल्या कलेत गोऱ्या नायकाने त्यांनाच हरवावे, यातील विसंगती समीक्षकांना खटकली. वर्णभेदाला वर्गभेदाचे उत्तर देऊन चित्रपट हा प्रश्न सोडवू पाहतो, पण तो पूर्णपणे सुटतो असे म्हणता येत नाही. स्त्री-पात्रांना फारसा वाव नाही, ही उणीवही खरीच.

एमिनेमचा जिवलग मित्र प्रूफ याने चित्रपटात एक छोटी भूमिका केली होती. एप्रिल २००६ मध्ये एट माईल रोडवरील एका क्लबमध्येच गोळीबारात त्याचा मृत्यू झाला.

भारतीय प्रेक्षकांना या चित्रपटाची आठवण पुन्हा झाली ती २०१९ मध्ये, झोया अख्तर यांच्या 'गली बॉय'मुळे. मुंबईतील रॅपर नेझी आणि डिव्हाइन यांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेल्या त्या चित्रपटाचा नायक मुराद हा धारावीतील एका वाहनचालकाचा मुलगा. त्याच्या वाट्याला अखेरीस भरगच्च मैदान आणि जयघोष येतो. रॅबिटच्या वाट्याला रात्रपाळी. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिल्यास हा फरक सर्वांत आधी जाणवतो.