भिंतीवरची वेळ

लहानपणी साताऱ्यात आमच्या घरी घड्याळ नव्हते. मशिदीत मात्र सहा होती. एक चालणारे, आणि पाटीवर रंगवलेली पाच नमाजांची पाच. ऋतूप्रमाणे वेळा सरकल्या की या पाचांचे काटे बांगीसाहेब हाताने फिरवत. यांतले खरे कोणते, असे मी अब्बांना विचारले. ‘ज्याच्यावर लोक जमतात ते,’ अब्बा म्हणाले.

छायाचित्रकार चिरोदीप चौधरी १९९६पासून मुंबईतली सार्वजनिक घड्याळे टिपत आले, हे वाचले तेव्हा ते आठवले. अमेरिकेत एडवर्ड रुशे यांनी १९६३ साली सव्वीस पेट्रोलपंपांच्या साध्या छायाचित्रांचे छोटे पुस्तक काढले होते. जात तीच. पण घड्याळामागे भांडण असते, पंपामागे मला तरी दिसत नाही.

१ जानेवारी १९०६ला सरकारने देशाला एक वेळ दिली. मुंबईची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. शहर हटून बसले. आगगाडी एका वेळेने धावे, महापालिकेची घड्याळे कित्येक वर्षे दुसरीच वेळ सांगत. राजाबाई टॉवर त्याआधीचा, १८७८चा. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी देताना आपल्या आईचे नाव घातले. मनगटावर घड्याळ नसलेल्यांना हे मनोरे मान वर करायला लावत. छायाचित्रात मात्र चालणारे आणि बंद पडलेले घड्याळ सारखेच दिसते.

आमच्या मशिदीत आता लाल आकड्यांची डिजिटल पाटी आहे. जुनी परवा जिन्याखाली सापडली. असरचे काटे सव्वापाचवर होते. पुसली नाही; तशीच उजेडात धरून फोटो काढला.