औंधची राज्यघटना आणि संविधानवाद
सत्ता कोणाच्याही हाती असो, तिच्या मर्यादा आधी ठरलेल्या नियमांनी आखलेल्या असाव्यात आणि ते नियम सत्ताधाऱ्याला आपल्या सोयीने मोडता येऊ नयेत, या तत्त्वाला संविधानवाद म्हणतात. हे तत्त्व महाराष्ट्राच्या मातीत कसे रुजू पाहत होते, याचा एक मोलाचा दाखला औंध संस्थानाच्या इतिहासात सापडतो.

आज सातारा, सांगली व विजापूर या जिल्ह्यांत विखुरलेल्या सुमारे 72 गावांच्या या संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने घटनेची आखणी केली आणि जानेवारी 1939 मध्ये ती अमलात आली. तिचा पाया ग्रामपंचायत हा होता. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुका समिती उभी राहायची आणि तालुक्यांच्या प्रतिनिधींतून विधिमंडळ घडायचे, अशी ही खालून वर जाणारी रचना होती.

राजाने स्वखुशीने आपले हात बांधून घ्यावेत, ही गोष्ट असामान्य होती यात शंका नाही. तथापि ज्याने घटना दिली त्याच्याच औदार्यावर तिचे आयुष्य अवलंबून राहिले, तर तिला अनुग्रहाचेच रूप उरते. शिवाय संस्थानांवर ब्रिटिशांची अधिसत्ता, म्हणजे संस्थानिकांच्याही वरची सत्ता, कायम होती आणि ती औंधच्या प्रजेला मुळीच उत्तरदायी नव्हती.

8 मार्च 1948 रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा प्रयोग संपला. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाऐवजी व्यक्ती हा राज्यरचनेचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, कारण गावगाड्यातील जातीची उतरंड त्यांनी जवळून पाहिली होती. संविधानिक नीतिमत्ता, म्हणजे घटनेच्या चौकटीविषयीचा आदर, माणसांत उपजत नसते, ती जोपासावी लागते, हेही त्यांनी बजावले. सत्तेला वरून आवर घालणारा नियम आणि गावातल्या दुबळ्यालाही त्याच नियमाचे मिळणारे संरक्षण, या दोहोंची सांगड घातली जाते तेव्हाच संविधानवाद पूर्ण होतो. औंधने यातील पहिले पाऊल धैर्याने टाकले. दुसरे टाकण्याची जबाबदारी आजही प्रत्येक नागरिकावर आहे.