वेगवान बोटीचा नांगर : निवड आणि बंदोबस्त

शेतातल्या आणि समुद्रातल्या अवजाराला मराठीने एकच नाव दिले आहे, आणि ते विलक्षण अचूक आहे. नांगर आपल्या वजनाने बोट धरून ठेवतो, असा सर्वसाधारण समज असतो. द्वारका आणि बेट द्वारकेच्या समुद्रात सापडलेल्या दगडी नांगरांबाबत तो बऱ्याच अंशी खराही असेल. आजच्या नांगराबाबत तो चुकीचा आहे. तळाच्या मातीत फाळ रुतला की नांगर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ सहन करतो. फाळ रुतला नाही, तर भले जड लोखंडही तळावरून फरफटत जाते.

स्पीडबोटीवर नांगर ही अडगळ वाटते. बोट धक्क्यावरून निघते, धक्क्याला लागते. मधल्या वेळात नांगराचे काय काम? काम पडते ते इंजिन बंद पडल्यावर. दोन नॉटच्या प्रवाहात निकामी बोट मिनिटाला सुमारे ६० मीटर वाहत जाते. खडक अर्धा किलोमीटरवर असेल, तर हाती आठ मिनिटे उरतात. त्या वेळी बोटीला असलेला एकमेव ब्रेक म्हणजे नांगर.

आकारांचा इतिहास रंजक आहे. द्रवगतिशास्त्रातील थोर ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री इंग्रॅम टेलर हे हौशी दर्यावर्दीही होते. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना हलका पण घट्ट पकडणारा नांगर हवा, म्हणून त्यांनी १९३३ च्या सुमारास शेतीच्या नांगराच्या आकाराचा ‘सीक्यूआर’ तयार केला. ही तीन अक्षरे इंग्रजीत भरभर उच्चारली की ‘सिक्युअर’ असा ध्वनी निघतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या किनाऱ्यावर चढणाऱ्या नौकांसाठी रिचर्ड डॅनफोर्थ यांचा दोन चपट्या फाळांचा नांगर वापरला गेला. १९७० च्या दशकात खेकड्याच्या नांगीसारखा ‘ब्रूस’ आला. त्यानंतरच्या पिढीतील ‘डेल्टा’, ‘स्पेड’, ‘रोक्ना’ हे नांगर अधिक लवकर रुततात आणि वारा फिरला तरी पुन्हा पकड घेतात.

यांतला सर्वांत चांगला कोणता, हा प्रश्न तळ कसला आहे हे विचारल्याशिवाय निरर्थक आहे. मुंबई बंदरात गाळ आहे. मऊ गाळात मोठ्या पृष्ठभागाचा डॅनफोर्थ पद्धतीचा नांगर उत्तम पकडतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असे नांगर तेवढ्याच आकाराच्या पोलादी नांगराच्या निम्म्याहूनही कमी वजनाचे असतात, आणि वेगवान बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, वाचलेला प्रत्येक किलो मोलाचा असतो. कोकणातल्या खडकाळ जागी मात्र हाच नांगर फटीत अडकून वाकतो. तेथे मच्छीमार वापरतात तसा आकड्यांचा नांगर कामास येतो. वाळू आणि चिखल अशा मिश्र तळासाठी आठ-नऊ मीटरच्या बोटीला दहा किलोच्या आसपासचा नव्या पिढीचा नांगर पुरेसा होतो. एकच घ्यायचा तर हाच घ्यावा.

नांगर कितीही उत्तम असला, तरी ओढ आडवी मिळाली तरच तो रुततो. त्यासाठी दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या सातपट धरतात, आणि या खोलीत नाळेची उंची व येणारी भरती दोन्ही मिळवावी लागतात. मुंबईत नेमकी येथेच फसगत होते. ओहोटीला ४ मीटर पाणी आणि १ मीटर नाळ पाहून कोणी पाचपट, म्हणजे २५ मीटर दोर सोडला. उधाणाच्या भरतीने पाणी साडेचार मीटरने चढले की तोच दोर जेमतेम अडीचपट उरतो आणि नांगर मुळासकट उपटला जातो. त्या जागी खरी गरज ६६ मीटरची होती. दोर नायलॉनचा असावा, कारण तो ताणला जाऊन हिसका शोषतो. नांगराजवळ काही मीटर साखळी हवीच. ती ओढ खाली दाबून धरते. स्वस्त पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो आणि थेट पंख्यात जातो, तेव्हा तो नको.

आता बंदोबस्त, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ३० नॉट म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर. या वेगात बोट लाटेवरून उडून आपटते तेव्हा नाळेवर गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पट हिसका बसतो; चौपट धरला तरी १० किलोचा नांगर त्या क्षणी ४० किलोचा होतो. असे शेकडो आघात एका फेरीत होतात. नांगर सुटून पडला, तर ५० मीटर दोर संपायला तीन-साडेतीन सेकंद लागतात. त्या अवधीत नांगर बोटीच्या कुशीवर आदळू शकतो, दोर पंख्यात गुंडाळला जाऊ शकतो, किंवा फाळ तळात अडकून धावती बोट जागच्या जागी खेचली जाऊ शकते. शेवटच्या प्रकारात नाळेजवळ बसलेल्या माणसाचे काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून नाळेवरच्या रोलरवर नांगर ठेवायचा असेल, तर दांड्यातून आरपार जाणारी पोलादी पिन हवी. ती एकटी पुरेशी नाही. साखळीला वेगळा अडसर किंवा मजबूत खुंट्याला आवळलेली दोरी हवी. नांगर उचलणाऱ्या विजेच्या यंत्रावर हा भार सोपवणे ही नेहमीची चूक आहे. ते यंत्र उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. शिवाय त्याचे बटण पायाखाली येऊ शकते, तेव्हा प्रवासात त्याचा वीजपुरवठा तोडलेला बरा. बोट छोटी आणि वेग मोठा असेल, तर नांगर रोलरवर ठेवूच नये. कप्प्यात रबरी बैठकीवर, पट्ट्यांनी दोन ठिकाणी आवळून ठेवावा. डॅनफोर्थला तर हेच सोयीचे, कारण त्याचे हलते फाळ रोलरवर नीट बसत नाहीत. कप्प्याच्या झाकणाला पक्की कडी हवी. शॅकलची पिन तारेने बांधलेली असावी, नाहीतर कंपनांनी ती हळूहळू फिरून सुटते.

मात्र बंदोबस्त इतकाही पक्का नसावा की गरजेच्या वेळी हातोडी शोधावी लागेल. सर्व गाठी-पिना सोडून नांगर पाण्यात जायला किती वेळ लागतो, हे एकदा शांत पाण्यात, घड्याळ लावून पाहावे. नांगर नाळेवरूनच सोडावा. मागच्या बाजूने सोडल्यास इंजिनाच्या वजनाने आधीच खाली असलेल्या त्या टोकावरून लाटा आत शिरतात आणि बोट भरते.

दोराचे आतले टोक बोटीला बांधलेले असलेच पाहिजे. पण साखळीने वा शॅकलने नव्हे, तर कापता येईल अशा दोरीने. नांगर अडकला आणि मागून मोठे जहाज येऊ लागले, तर तो सोडून द्यावा लागतो. त्यासाठी एक धारदार सुरी त्याच कप्प्यात, हाताला लागेल अशी अडकवलेली असावी.