परड्यातली काँग्रेस

वळवाचे दोन पाऊस झाले की बेळगाव-निपाणी पट्ट्यात मोकळ्या प्लॉटवर, गटाराच्या कडेला, परड्यात न्हाणीचं पाणी जाऊन पडतं त्या ओलीवर एक हिरवी चकती जमिनीला चिकटून बसलेली दिसू लागते. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली. त्या वेळी ती खुरप्याच्या एका टोकानं निघते, म्हणूनच तिच्याकडे कोणी बघत नाही. महिन्याभरात चकतीतून दांडा वर येतो, त्याला फांद्या फुटतात, शेंड्यावर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं धरतात आणि मग घरात ओरड सुरू होते की काँग्रेस माजली, भांगलणीला बाई बघा.

ही कुठून आली असं विचारलं तर उत्तर तयार असतं: अमेरिकेच्या गव्हातून. रेशनच्या लाल गव्हाची आणि मिलोची चव आठवणारी पिढी हे अधिकारवाणीनं सांगते. त्यांचे नातू तर कराराच्या नावासकट सांगतात, पीएल ४८०. गोष्ट इतकी पक्की बसली आहे की तिच्या तारखा जुळतात का, हे कोणी बघत नाही.

पीएल ४८० हा जास्तीचं धान्य परदेशांना देण्याचा अमेरिकेचा कायदा १९५४ च्या जुलैमधला. भारताशी त्याखालचा पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. पण पुण्यातल्या उकिरड्यांवर ही वनस्पती तुरळक दिसल्याची प्रा. परांजपे यांची नोंद आहे १९५१ सालची. आर. एस. राव यांनी भारतातली नवी वनस्पती म्हणून तिची दखल बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात घेतली ती १९५६ साली. म्हणजे करारावर सह्या होण्याआधीच पाहुणी पुण्यात मुक्कामाला होती. अमेरिकन गव्हालाच दोष द्यायचा तर तो निदान आधीच्या गव्हाला द्यावा. १९५१ साली अमेरिकेनं भारताला सुमारे २० लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. त्या पोत्यांतून बी आलं असणं शक्य आहे.

त्याच्याही मागे जाता येतं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांची विल्यम रॉक्सबर्गची यादी १८१४ साली छापली गेली. तिच्यात हे नाव आहे. डिट्रिख ब्रँडिस यांनी १८८० साली गोळा केलेला वाळवलेला नमुना डेहराडूनच्या संग्रहात सापडला. मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या मुलखातली ही वनस्पती, लिनियसनं १७५३ साली जिला पार्थेनियम हिस्टेरोफोरस असं नाव दिलं, ती आपल्याकडे पन्नासच्या दशकापूर्वीच येऊन गेली होती. पण आली तरी पसरली नाही. माझ्या मते या कुळकथेतलं खरं कोडं तेच आहे. बी कोणी आणलं हा दुय्यम प्रश्न झाला. त्याला रान कोणी मोकळं करून दिलं, हे बघायला हवं.

एक योगायोग मात्र सीमाभागातल्या माणसाला चुकवता येणार नाही. रावांचा लेख १९५६ चा, गव्हाचा करार १९५६ चा, आणि राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली तीही १ नोव्हेंबर १९५६ रोजी. तो दिवस इथली मराठी माणसं काळा दिन म्हणून पाळत आली. गवतानं त्या रेषेची दखल घेतली नाही. पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड असा जो महामार्ग उतरतो, त्याच्या दोन्ही अंगांनी आज ते उभं आहे. ट्रकची चाकं, वाळू-मुरूम, कडबा, शेणखत, यंत्रांना चिकटलेला चिखल, जे जे हलतं त्यातून त्याचं बी हलतं.

नावं त्याला भरपूर मिळाली. गाजर गवत, खरं तर ना गाजर ना गवत. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. चटक चांदणी, पांढरफुली. आमच्या भागात मात्र मराठीत आणि कन्नडमध्ये एकच नाव, काँग्रेस. पांढऱ्या टोपीसारखा शेंडा म्हणून, असं काही सांगतात. काँग्रेसच्या राज्यात आलं म्हणून, असं बाकीचे. बेळगावात १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरलं, त्यावरून टिळकवाडीत काँग्रेस रोड आहे, काँग्रेस विहीर आहे. त्या रोडच्या कडेला ही काँग्रेस उगवली की विनोद आपोआप होतो, करावा लागत नाही.

तिचं एक फूल नखावर घेऊन बघावं. आपण ज्याला फूल म्हणतो तो फुलांचा गेंद असतो. गोलाच्या कडेला पाच बारीक टोकं दिसतात, ती पाच स्वतंत्र फुलं. मधली फुलं बी धरतच नाहीत. या पाचांना प्रत्येकी एक काळं बी. गेंदामागे फक्त पाच म्हणजे कंजूषपणाच वाटेल, पण एका चांगल्या वाढलेल्या झाडावर एवढे गेंद असतात की बियांची संख्या पंधरा ते पंचवीस हजारांवर जाते. ओल मिळाली की वर्षभर केव्हाही उगवण. तीन-चार महिन्यांत एक पिढी, वर्षात तीन-चार पिढ्या. बाकीचं बी मातीत पुरून राहतं आणि पुढं कधी कुदळ पडली, उजेड लागला की उठतं. वर मुळापानांतून अशी द्रव्यं सुटतात की शेजारचं रोप धड वाढत नाही. गुरं तोंड लावत नाहीत. चाऱ्यात मिसळून पोटात गेलंच तर दुधाला कडवटपणा येतो.

माणसालाही ते सुखानं राहू देत नाही. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी साठ-सत्तरच्या दशकात, चेहरा-मान-कोपराची लवण खाजून सोलवटलेले रुग्ण बघून त्याचं कारण या झाडाशी नेऊन जोडलं. १९७४ साली परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्यावर त्यांचा निबंध छापून आला. दोष पार्थेनिन नावाच्या द्रव्याचा. झाडाला हात लावायलाच हवा असं नाही, वाळलेल्या पाल्याची धूळ अंगावर बसली तरी पुरतं. परागानं शिंका आणि दमा वेगळाच. भांगलणीच्या बायकांना निबंध वाचावा लागला नाही. "अक्का, फुलाला आलेली काँग्रेस सांगू नका, अंगभर खाज सुटती," असं त्या सरळ सांगतात आणि मजुरी वाढवून मागतात, ते रास्तच आहे.

कर्नाटक सरकारनं १९७५ साली कृषी कीड व रोग कायद्याखाली हिला उपद्रवी तण जाहीर केलं. कायद्यानं जमिनीवाल्यावर जबाबदारी आली, गवत जागेवरच राहिलं. मग शास्त्रज्ञ तिच्या माहेरी गेले. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं १९८३ साली मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा भुंगा आणला, तपासण्या करून १९८४ साली सोडला. सहा मिलिमीटरचा, दुधाळ पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला हा किडा आता आपल्याकडेही पावसाळ्यात सापडतो. अळ्या शेंडे खातात, भुंगे पानं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो सूर्यफुलावर दिसल्याची बोंब उठली. सूर्यफूल उत्तर कर्नाटकाचं पैशाचं पीक, त्यामुळे चौकशी समिती बसली. पिकाला खरा धोका नाही असं निघालं आणि भुंगा सुटला. त्याची अडचण वेगळीच. पाऊस सरला की तो मातीत शिरून झोपतो, पुढच्या पावसापर्यंत. काँग्रेस मात्र नळाखाली, न्हाणीपाशी बारमाही जागी.

या तणावरचं पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं ते आपल्या शेजारी, धारवाडच्या कृषी विद्यापीठात, १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये. तिथले कुलगुरू एम. महादेवप्पा हे भातसंशोधक. त्यांचा भर होता तणाला तणानं दाबण्यावर. टाकळ्याचा एक परदेशी भाऊबंद, कॅशिया युनिफ्लोरा, दाट उगवतो आणि काँग्रेसला जागा ठेवत नाही, हे धारवाडकडच्या अभ्यासात दिसलं होतं. तोही मूळचा अमेरिकेचाच, आणि आता त्याचंही नाव उपद्रवी तणांच्या याद्यांत आहे.

आता परड्यात येऊ. जुन्या घरापुढचं अंगण चोपण्यानं चोपलेलं, शेणानं सारवलेलं, रोज झाडलेलं असायचं. उकरलेली उघडी माती तिथं नव्हतीच, बी पडलं तरी मूळ धरायला फट नव्हती. मागं परड्यात अळू, कर्दळ, शेवगा, वेलाचा मांडव, त्यामुळे सावली. पन्नासच्या दशकानंतर रस्ते, कालवे, कॉलन्या वाढल्या, शेताचे एन.ए. प्लॉट पडले. चारी बाजूंनी दगड रोवून वर्षानुवर्षं मोकळ्या ठेवलेल्या जागा आणि बांधकामासाठी टेम्पोनं आलेला मुरूम, काँग्रेसला याहून जास्त काही लागत नाही. कलकत्त्याच्या उद्यानात तिला हे मिळालं नव्हतं. आपल्या दारात पेव्हर ब्लॉक बसवून आपण फटी मोजून दिल्या, त्यात वाळू भरून दिली, वर गाडी धुवायचं पाणी.

निपाणीच्या तंबाखूवाल्याला अशा शत्रूची ओळख जुनी आहे. बंबाखू म्हणून एक बांडगूळ तंबाखूच्या मुळावर जगतं, हिरवं पान नसलेला कोंब जमिनीतून वर येतो, बी धुळीइतकं बारीक आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत. तिथला शेतकरी कोंब दिसला की उपटतो, फूल पिकू देत नाही, उपटलेलं बांधावर टाकत नाही. अंगणासाठीही नियम तोच. पाऊस पडून माती मऊ झाली की हातमोजे घालून, दांडा बुडाशी धरून मुळासकट ओढायचं. वरून विळ्यानं कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं आणि या खेपेला बुटकं राहून लवकर फुलतं. फुलापूर्वीचं खतात चालतं, फुलावरचं नाही. फटीतल्या रोपांना जुनी सुरी आणि उकळतं पाणी पुरतं.

लोक मीठ मारतात. लिटरला दीडशे-दोनशे ग्रॅम मिठाचं पाणी फवारलं की झाड करपतं हे खरं, पण मीठ मातीत राहतं, शेजारची जास्वंद सुकते, गेटच्या बिजागऱ्या गंजतात. घराशी हा उपाय मला पटत नाही. ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता ठेवण्याचा आदेश केंद्रानं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये काढला. दुकानात मिळतं म्हणून पाठीला पंप लावण्याआधी हे ठाऊक असावं. अंगणातलं दुसरं तण म्हणजे लव्हाळा, त्याच्यावर मात्र उपटणं किंवा मीठ फारसं चालत नाही. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या. उपटलं की माळ तुटते आणि प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. त्याला सावली सोसत नाही, दाट झाकण हाच त्याच्यावरचा भरवशाचा इलाज.

झाकण काँग्रेसलाही लागतं, कारण मोकळी केलेली माती म्हणजे पुढच्या पिढीचं आमंत्रण. तण संशोधन संस्थेवाले झेंडू सुचवतात. मूळचा तोही मेक्सिकोचाच. जागा साफ करून मृगात दाट रोपं लावली, पहिले दोन महिने मधली उगवण खुरप्यानं काढत राहिलं, की झेंडूच जमीन झाकतो. दसऱ्याला दाराच्या तोरणाची फुलं बाजारातून आणावी लागत नाहीत. दिवाळीनंतर झेंडू वाळतो. तेव्हा तो उपटून जागा तशीच टाकू नये, मेथी-कोथिंबिरीचा वाफा तरी करावा.